न ऐकल्याची नोंद : हौशी श्रोत्यांचे तौलनिक श्रवण आणि एफ. एम. प्रसारणाचा इतिहास

१

एकच नभोवाणी केंद्र एकाच घटकेला एका गावी स्पष्ट ऐकू यावे, तेथून शंभर मैलांवरील दुसऱ्या गावी मुळीच ऐकू येऊ नये आणि हजार मैलांवरील तिसऱ्या गावी पुन्हा शेजारच्या केंद्राइतके स्पष्ट ऐकू यावे, ही गोष्ट सामान्य श्रोत्याला चमत्कारासारखी वाटते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून ज्या हौशी मंडळींनी अतिलघुलहरींवर कान ठेवला, त्यांच्या दृष्टीने मात्र हा चमत्कार नसून नोंद करण्याजोगा पुरावा होता. दिनांक, वेळ, कंपनसंख्या, केंद्राचे नाव आणि श्रोत्याचे ठिकाण एवढ्या पाच रकान्यांत त्यांनी हा पुरावा साठविला आणि आपापल्या वह्या एकमेकांच्या वह्यांशी ताडून पाहिल्या.

या वह्यांचा विचार विज्ञानाच्या इतिहासात आजवर बहुधा छंदाच्या सदरात झाला आहे. त्यांचे महत्त्व त्याहून मोठे आहे. अमेरिकेतील एफ. एम. प्रसारणाच्या जन्मापासून त्याच्या स्थलांतरापर्यंतच्या इतिहासात जो मुख्य वाद झाला, तो मुळात ग्रहणस्थळांच्या तुलनेचा वाद होता. दूरचे केंद्र जवळच्या केंद्रावर आक्रमण करील काय, एवढाच प्रश्न त्यात नव्हता. ते किती ठिकाणी आणि किती वेळा तसे करील, हा खरा प्रश्न होता. हौशी नोंदींनी या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर निर्विवादपणे दिले. दुसऱ्या भागाचे उत्तर त्यांना देता आले नाही. असे का झाले, याचा शोध घेतल्यास साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. ऐकल्याच्या नोंदीइतकीच न ऐकल्याची नोंदही मोलाची असते. परंतु ती क्वचितच लिहिली जाते.

२

या परंपरेचा उगम एफ. एम.च्या पूर्वीचा आहे. न्यूयॉर्क येथे १९०९ साली काही मुलांनी एक बिनतारी मंडळ स्थापन केले. १९११ पासून ते ‘रेडिओ क्लब ऑफ अमेरिका’ या नावाने ओळखले जाऊ लागले. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग, जॉर्ज बर्गहार्ड, कार्मन रन्यन आदी तरुण पुढे या मंडळात एकत्र आले. आर्मस्ट्राँग हा नंतर कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि एफ. एम.चा जनक म्हणून प्रसिद्धीस आला. परंतु मंडळातील स्नेह त्याने अखेरपर्यंत जपला.

१९२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकन हौशी प्रेषकांच्या संघटनेने अटलांटिक महासागरापार संकेत पोहोचविण्याचा एक प्रयोग केला. अमेरिकेतील केंद्रांनी ठरलेल्या वेळी संकेत पाठवावेत आणि ब्रिटनमधील हौशी श्रोत्यांनी ते ऐकावेत, अशी योजना होती. प्रयोग फसला, ब्रिटनमध्ये काहीच ऐकू आले नाही. ही शांतताच येथे महत्त्वाची आहे. दोष प्रक्षेपकाचा, मधल्या महासागराचा, ग्राहक यंत्राचा की श्रोत्याच्या कौशल्याचा, हे त्या शांततेवरून ठरविता येत नव्हते. तेव्हा चारांपैकी निदान दोन शक्यता निकालात काढाव्यात, या हेतूने संघटनेने पॉल गॉडली या निष्णात अमेरिकन श्रोत्याला स्वतःच्या यंत्रांसह ब्रिटनला धाडले.

गॉडलीने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रोसन येथे उघड्या शेतात तंबू ठोकला, जमिनीलगत लांबच लांब तार ताणली आणि डिसेंबरच्या थंडीवाऱ्यात रात्री जागून काढल्या. रेडिओ क्लबच्या मंडळींनी कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथे खास या प्रयोगासाठी उभारलेल्या केंद्राचा संपूर्ण संदेश त्याला मिळाला. त्याच रात्रींत काही ब्रिटिश हौशी श्रोत्यांनीही आपापल्या घरी अमेरिकन संकेत टिपले. म्हणजे दोष केवळ श्रोत्यांचा नव्हता आणि केवळ स्थळाचाही नव्हता. अयशस्वी प्रयोगातील मौनाची दखल घेतली गेली, म्हणूनच दुसऱ्या प्रयोगाची आखणी अधिक काटेकोर झाली. तौलनिक श्रवणाचा हा पहिला धडा होय.

३

आर्मस्ट्राँगच्या एफ. एम. पद्धतीची कसोटी लागली तीही अशाच मित्रांच्या घरी. जुन्या पद्धतीत ध्वनीनुसार वाहक लहरीचा जोर कमीजास्त होतो आणि विजेचा कडकडाटही जोरातच भर घालत असल्यामुळे खरखर ध्वनीत मिसळते. एफ. एम.मध्ये जोर कायम राहून कंपनसंख्या बदलते. जोरातील चढउतार ग्राहक यंत्र छाटून टाकते. परंतु या पद्धतीला रुंद पट्टा लागतो आणि तो त्या काळी अतिलघुलहरींवरच मोकळा होता. या लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात, क्षितिजापलीकडे त्यांचा उपयोग नाही, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता.

१९३४ च्या जूनमध्ये एम्पायर स्टेट इमारतीवरील प्रक्षेपकातून ४१ मेगासायकलवर चाचण्या सुरू झाल्या. पहिले ग्रहणस्थळ लाँग आयलंडवरील वेस्टहॅम्प्टन बीच येथील बर्गहार्डचे घर हे होते. न्यूयॉर्कपासून ते पासष्ट मैलांहून अधिक दूर आहे. पुढे न्यू जर्सीतील हॅडनफील्ड येथे, सुमारे ८५ मैलांवर, हॅरी सॅडनवॉटर या क्लबच्या दुसऱ्या सभासदाच्या घरी यंत्र नेण्यात आले. एम्पायर स्टेटच्या उंचीवरून लहरींचे क्षितिज सुमारे ५० मैलांवर येते. म्हणजे दोन्ही घरे त्या क्षितिजापलीकडची होती आणि तरीही तेथे प्रसारण स्वच्छ ऐकू आले. दोन्ही पद्धतींचे प्रसारण आळीपाळीने ऐकून विजांच्या गडगडाटात कोणती पद्धत टिकते, हेही तेथेच ताडून पाहण्यात आले.

१९३५ च्या ५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमधील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेपुढे आर्मस्ट्राँगने जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक केले, त्यातील प्रसारणही कोणा कंपनीच्या केंद्रावरून झाले नाही. ते यॉंकर्स येथील रन्यनच्या घरच्या हौशी केंद्रावरून अडीच मीटर लहरीवर झाले. पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद फाडल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा उमटला. एफ. एम.ची कथा एका एकाकी संशोधकाची कथा म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तिची प्रयोगशाळा ही अनेक ठिकाणच्या मित्रांच्या घरांची मिळून बनलेली होती, हे विसरता येत नाही.

४

त्याच सुमारास पाच मीटर लहरीवर, म्हणजे ५६ मेगासायकलच्या आसपास, दुसरे हौशी श्रोते अधिक विस्तृत तुलना करीत होते. मूळचा ऑस्ट्रेलियन असलेला रॉस हल हा अमेरिकन हौशी संघटनेत काम करीत होता. १९३४ साली त्याने कनेक्टिकटमधील हार्टफर्डच्या परिसरातून सुमारे शंभर मैलांवरील बॉस्टन भागाशी पाच मीटरवर संपर्क साधला. मधली टेकाडे आणि पृथ्वीची वक्रता लक्षात घेता हे घडावयास नको होते. हल तेवढ्यावर थांबला नाही. त्याने संकेतांच्या जोराची महिनोन्‌महिने नोंद ठेवली आणि ती उंचीवरील हवेच्या तापमानाच्या नोंदींशी ताडली. थंड हवेवर उष्ण हवेचा थर पसरलेला असला की संकेत बळकट होतात, असे त्याला आढळले. वातावरणाचा खालचा थर लहरींना वाकवितो, हा निष्कर्ष त्याने १९३५ साली प्रसिद्ध केला. १९३८ साली, दूरचित्रवाणीच्या ग्राहक यंत्रावर काम करीत असताना, विजेचा धक्का बसून त्याचा मृत्यू झाला.

हलच्या निष्कर्षाचा एक ठळक प्रत्यय पुढे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळच्या, सुमारे दीड मीटर लहरीवर चालणाऱ्या रडार यंत्राला उन्हाळ्याच्या दिवसांत अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत. अंतर हजार मैलांहून अधिक होते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होऊन हवेचे थर घुसळले गेले की हे प्रतिध्वनी नाहीसे होत. कनेक्टिकटच्या टेकड्यांवर एका हौशी माणसाने जे ओळखले होते, तेच अरबी समुद्रावर अधिक मोठ्या प्रमाणावर घडत होते.

याहून विस्मयकारक दुसरा प्रकार उन्हाळ्यातील दूरश्रवणाचा होता. १९३५ नंतरच्या उन्हाळ्यांत पाच मीटरवरील अमेरिकन हौशी प्रेषकांना पाचशे ते बाराशे-चौदाशे मैलांवरील केंद्रे अवचित ऐकू येऊ लागली. काही मिनिटे वा काही तास हा खेळ चाले आणि मग सारे शांत होई. जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, आयनांबराच्या ई थरात, मधूनच दाट विद्युन्मय ढग तयार होतात; त्यांवरून लहरी परावर्तित होतात. हे ढग ठरावीक वेळी वा ठरावीक जागी बनत नसल्यामुळे त्यांना ‘स्पोरॅडिक ई’, म्हणजे अनियमित ई, असे नाव पडले.

या ढगाचे स्थान ठरविण्याची रीत मोठी सुटसुटीत आहे. प्रक्षेपक व श्रोता यांना जोडणाऱ्या रेषेचा मध्यबिंदू नकाशावर मांडावयाचा. एकाच वेळच्या अनेक नोंदींचे मध्यबिंदू एका प्रदेशात गर्दी करू लागले, की ढग त्या प्रदेशावर आहे असे समजावयाचे. अर्ध्या तासाने ही गर्दी पश्चिमेस सरकली, तर ढगही सरकला. १९३८ च्या उन्हाळ्यातील पाच मीटरवरील विपुल नोंदींचा अर्थ हार्वर्ड विद्यापीठातील जे. ए. पियर्स याने त्याच वर्षी लावून दाखविला. एखाद्या एकट्या वेधशाळेला केवळ आपल्या डोक्यावरचे आकाश दिसते. खंडभर विखुरलेल्या श्रोत्यांना मिळून संपूर्ण खंडावरचे आकाश दिसत होते. त्यांच्या विखुरलेपणातच त्यांचे बळ होते.

मात्र या रीतीला एक मर्यादा होती. ज्या प्रदेशाच्या दोन्ही बाजूंस श्रोते व प्रेषक होते, तेथील ढगच नकाशावर उमटले. जेथे कोणी जागे नव्हते, तेथे ढग असूनही नकाशा कोरा राहिला. कोऱ्या जागेचा अर्थ ‘ढग नव्हता’ असा घ्यावयाचा की ‘श्रोता नव्हता’ असा, हे नोंदींवरून कळत नव्हते.

५

हीच संदिग्धता लवकरच धोरणाच्या क्षेत्रात उपस्थित झाली. १९४० साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एफ. एम.ला ४२ ते ५० मेगासायकलचा पट्टा दिला आणि १ जानेवारी १९४१ पासून व्यापारी प्रसारणास अनुमती दिली. युद्धामुळे वाढ थांबली, तोपर्यंत चाळीसहून अधिक केंद्रे सुरू झाली होती आणि चार-पाच लाख ग्राहक यंत्रे लोकांच्या घरी पोहोचली होती. १९४४ च्या शरद ऋतूत युद्धोत्तर वाटपाविषयी सुनावणी झाली, तेव्हा आयोगाचा पूर्वीचा अभियंता केनेथ नॉर्टन याने प्रतिपादन केले की, सौर डागांच्या पुढील महत्तम काळात एफ-२ थरावरून, आणि दर उन्हाळ्यात अनियमित ई थरावरून, दूरची केंद्रे या पट्ट्यात गंभीर व्यत्यय आणतील, सबब एफ. एम. वरच्या पट्ट्यात न्यावे. आर्मस्ट्राँगने आणि उद्योगाच्या तांत्रिक नियोजन मंडळातील एफ. एम. समितीने यास विरोध केला. १९४५ च्या मार्चमध्ये लष्करी गुप्ततेच्या कारणास्तव काही साक्ष बंद दाराआड झाली. २७ जून १९४५ रोजी निर्णय जाहीर झाला. एफ. एम. वर गेले आणि ८८ ते १०८ मेगासायकल हा पट्टा पुढे कायम झाला. घरोघरची जुनी यंत्रे निरुपयोगी ठरली.

या वादात नेमके काय पणाला लागले होते? व्यत्ययाची घटना काल्पनिक नव्हती, हे हौशी नोंदींनी आधीच सिद्ध केले होते. १९३८ साली लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधील दूरचित्रवाणीचे सुमारे ४५ मेगासायकलवरील चित्र लाँग आयलंडवरील रिव्हरहेड येथे टिपले गेले होते. म्हणजे एफ-२ थराविषयीची भीतीही निराधार नव्हती. परंतु ‘असे घडते’ या विधानावरून ‘असे इतके वेळा घडेल की प्रसारण बिघडेल’ हे विधान निघत नाही. पहिले सिद्ध करण्यास एक नोंद पुरते. दुसरे सिद्ध करण्यास सर्व ऋतूंतील, सर्व ठिकाणच्या, ऐकू आलेल्या आणि न आलेल्या अशा सर्व वेळांची मोजदाद लागते. हौशी श्रोता दूरचे केंद्र ऐकण्यासाठी बसतो. ते ऐकू आले की तो लिहितो, न आले की तो झोपावयास जातो. त्याच्या वहीतून असामान्य तेवढे उरते, सामान्य गळून पडते.

शिवाय स्थळाचाही प्रश्न होता. हौशी श्रोते दूरच्या संकेतासाठी उंच टेकडी आणि दिशादर्शी आकाशतार निवडतात. शहरातील कुटुंब जवळच्या बलवान केंद्राला यंत्र लावून बसते. एफ. एम.चे वैशिष्ट्य असे की, एका कंपनसंख्येवर दोन संकेत आले तर बलवान संकेत दुर्बलाला जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. त्यामुळे सेवाक्षेत्राच्या कडेवर जो व्यत्यय भीषण ठरेल, तो केंद्राजवळच्या घरात जाणवणारही नाही. टेकडीवरची नोंद आणि दिवाणखान्यातील अनुभव या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. दोन्ही पक्षांनी पुरावा मांडला. परंतु ग्रहणस्थळांचा हा भेद वादाच्या गदारोळात मागे पडला.

निर्णयानंतर १९४५ च्या उन्हाळ्याअखेर झेनिथ कंपनीच्या अभियंत्यांनी विस्कॉन्सिनमधील रिचफील्ड येथील प्रसारण इलिनॉयमधील डीअरफील्ड येथे, ७६ मैलांवर, ४५.५ आणि ९१ मेगासायकल अशा दोन्ही कंपनसंख्यांवर एकाच काळात मोजले. क्षितिजापलीकडच्या त्या स्थळी खालचा पट्टा वरचढ ठरला. हे मापन काटेकोर होते. परंतु ते एका मार्गापुरते आणि एका ऋतूपुरते होते. एका बाजूस पुष्कळ स्थळांच्या विस्कळीत नोंदी आणि दुसऱ्या बाजूस एका स्थळाचे शिस्तबद्ध मापन, अशी ही स्थिती होती. पुष्कळ स्थळांचे शिस्तबद्ध मापन मात्र निर्णयाच्या वेळी कोणाच्याही हाती नव्हते. एफ. एम.साठी अयोग्य ठरविलेल्या त्या प्रदेशातच दूरचित्रवाणीच्या खालच्या वाहिन्यांना जागा देण्यात आली, ही विसंगती टीकाकारांनी त्या वेळीच दाखवून दिली होती.

६

पुढील काळात ही उणीव अंशतः भरून निघाली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात अमेरिकन हौशी संघटनेने ५० मेगासायकलवरील दूरसंचाराच्या नोंदी जमविण्याची स्वतंत्र योजना चालविली. सौर डागांचा तो महत्तम काळ असाधारण तीव्र होता. ठरावीक नमुन्यात, ठरावीक वेळेच्या प्रमाणात, दूरदूरच्या श्रोत्यांकडून माहिती मागविण्यात आली. छंदाला वेधशाळेची शिस्त लावण्याचा हा प्रयत्न होता.

एफ. एम. व दूरचित्रवाणीच्या दूरश्रवणाला वाहिलेली एक संघटना अमेरिकेत १९६८ पासून कार्य करू लागली आणि सभासदांच्या नोंदी मासिकातून शेजारीशेजारी छापल्या जाऊ लागल्या. युरोपात पूर्वेकडील देशांचे एफ. एम. पट्टे ६६ ते ७३ मेगासायकलच्या आसपास असल्यामुळे तेथील श्रोत्यांना एक नैसर्गिक मोजपट्टीच मिळाली. ढगाची घनता वाढत जाते तशी परावर्तनाची कमाल कंपनसंख्या चढत जाते. आधी पूर्वेकडील केंद्रे येत, मग ८८ च्या वरची; दोन गावांतील श्रोत्यांनी आपापल्या पट्ट्यांतील क्रम ताडला की ढगाचा चढउतार कळून येई.

केंद्राची ओळख हा या नोंदींचा जुना दुबळा दुवा होता. अनोळखी भाषेतील गाणे ऐकून केंद्र कोणते हे ठरविणे अवघड असे आणि तर्काने भरलेला रकाना साऱ्या नकाशाला दूषित करी. युरोपीय प्रसारण संघाने १९८४ साली मान्य केलेल्या आर. डी. एस. पद्धतीत केंद्राचा सांकेतिक क्रमांक प्रसारणाबरोबरच जातो. त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली. २००३ च्या जूनमध्ये उत्तर आयर्लंडमधील एका श्रोत्याने अमेरिकेच्या मेन राज्यातील बँगोरचे ८८.५ मेगाहर्ट्झवरील केंद्र अटलांटिकपार टिपले. १९२१ साली ज्या महासागरावरून हौशी संकेत ऐकण्यासाठी तंबू ठोकावा लागला, त्याच महासागरावरून आता घरच्या पट्ट्यातील एफ. एम. केंद्र ऐकू आले होते.

भारतात एफ. एम. प्रसारणाचा आरंभ २३ जुलै १९७७ रोजी मद्रास येथे झाला, तोही वरच्याच पट्ट्यात. म्हणजे १९४५ चा अमेरिकेतील निर्णय त्या देशापुरता राहिला नाही. जगातील बहुतेक देशांच्या ग्राहक यंत्रांवर आज जे आकडे दिसतात, त्यांत त्या निर्णयाचा वाटा आहे.

७

या इतिहासाचे लेखन दोन प्रकारे झाले आहे. लॉरेन्स लेसिंग याच्या १९५६ च्या चरित्रग्रंथात आर्मस्ट्राँग हा बलाढ्य कंपन्यांशी आणि नोकरशाहीशी झुंजणारा एकाकी वीर आहे. १९५४ च्या जानेवारीअखेर त्याने केलेल्या आत्महत्येमुळे या चित्राला शोकांतिकेची गडद छटा आली आहे. उलट ह्यू स्लॉटन याने आयोगाच्या निर्णयामागील तांत्रिक व राजकीय घटकांची गुंतागुंत उलगडली, आणि गॅरी फ्रॉस्ट याने २०१० च्या ग्रंथात रेडिओ क्लबसारख्या मंडळांच्या सामूहिक सहभागाकडे लक्ष वेधले. एकाकी वीराची कथा आता पूर्वीइतकी टिकून राहत नाही.

तथापि, नायक बदलल्याने साधनांची चिकित्सा पूर्ण होत नाही. नॉर्टनचे भाकीत पुष्कळ अंशी अतिशयोक्त ठरले. म्हणून त्याच्यामागे केवळ कारस्थान होते, असे म्हणता येत नाही. हौशी नोंदी प्रामाणिक होत्या. म्हणून त्यांवरून व्यत्ययाचे प्रमाण ठरविता येत होते, असेही म्हणता येत नाही. अपुऱ्या पुराव्यावर घाईने निर्णय घेणे भाग पडले आणि पुराव्यात नेमके काय अपुरे आहे, हे कोणीही स्पष्टपणे मांडले नाही, हा या प्रकरणाचा अधिक न्याय्य अर्थ होय. त्याची किंमत लाखो घरांतील मुक्या झालेल्या यंत्रांनी दिली.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. बखरीत लढाया येतात, शांततेची वर्षे येत नाहीत. दुष्काळाचे कागद दप्तरात सापडतात, सुकाळाचे क्वचित. जे असामान्य तेच लिहिले जाते आणि पुढील पिढी त्यालाच त्या काळाचे सामान्य रूप समजून बसते. हौशी श्रोत्यांच्या वह्या हेच सांगतात. त्यांतील प्रत्येक ओळ खरी मानूनही, दोन ओळींमधील रिकाम्या रात्री श्रोत्याने ऐकत काढल्या की झोपेत, हे विचारल्याखेरीज त्यांतून प्रमाण काढता येत नाही. १९२१ साली ब्रिटनमधील शांततेविषयी हा प्रश्न विचारला गेला आणि आर्ड्रोसनच्या शेतात त्याचे उत्तर मिळाले. १९४५ साली तो कोणी विचारला नाही.